बुक नंबर एकच्या दोन सूच्या

नोंदणी कायद्यात पाच बुकं सांगितली आहेत आणि त्यांतल्या तीनच बुकांना सूची आहे. कायदा १९०८चा. कलम ५१ बुकं ठरवतं, कलम ५५ सूच्या. पहिल्या बुकात जमिनी-घरांचे दस्त येतात: खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र. दुसऱ्यात नोंदणी का नाकारली त्याची कारणं. तिसऱ्यात मृत्युपत्रं आणि दत्तक घेण्याची अधिकारपत्रं. चौथ्यात स्थावराशी संबंध नसलेले किरकोळ दस्त. पाचव्यात बंद लखोट्यात जमा केलेल्या मृत्युपत्रांची नोंद. पहिल्या बुकाला दोन सूच्या, तिसऱ्याला एक, चौथ्याला एक. बाकीची दोन बुकं सूचीविना आहेत. त्यांत नोंदी थोड्या आणि त्यांच्याबद्दल विचारायला येणारेही थोडे, त्यामुळे तिथं पानं उलटूनच शोध घ्यायचा.

ही मांडणी ज्यांनी केली त्यांनी एका कठीण प्रश्नाचा नीट विचार केला होता, असं माझं मत दर वर्षी जास्तच पक्कं होत गेलं आहे. नोंदी वाढत जाणार, त्या कोणकोणत्या वाटेनं शोधता आल्या पाहिजेत? आणि कोणती वाट मुद्दाम बंद ठेवायची?

मी उदगीरला वकिली करतो. लातूर जिल्हा झाला त्या सुमारास सनद घेतली. कोर्टात उभं राहण्यापेक्षा माझे जास्त दिवस रजिस्ट्री ऑफिसात गेले, कारण माझं मुख्य काम सर्चचं. शेतकऱ्याला बँकेचं कर्ज हवं असतं, कुणाला प्लॉट घ्यायचा असतो. मग त्या मिळकतीवर मागच्या तीस वर्षांत काय काय झालं याचा अहवाल लागतो. उदगीर, जळकोट, देवणी आणि सीमेपलीकडे नांदेड जिल्ह्यातले मुखेड, देगलूर, कंधार हा माझा फिरण्याचा टापू. सूची तयार करणारा कारकून वेगळा, तिच्या आधारावर सही करणारा वेगळा. मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे.

पहिल्या बुकाच्या दोन सूच्या म्हणजे एकाच नोंदीकडे जाणाऱ्या दोन वाटा. सूची एक माणसांच्या नावांची: लिहून देणारा आणि लिहून घेणारा. सूची दोन मिळकतीची: गाव आणि त्या गावातला सर्वे नंबर, गट नंबर किंवा घर नंबर. आपल्याकडे पहिलीचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण ‘इंडेक्स टू’ शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्यालाही माहीत आहे. खरेदी झाली की तो विचारतो, “वकील साहेब, इंडेक्स टू निघाला का?” मूळ दस्ताइतकाच त्याचा या कागदावर भरवसा असतो. त्याला कारणही आहे. संगणकावरचा आजचा इंडेक्स टू हातात घ्या. दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकारणी, लिहून देणाऱ्याचं आणि लिहून घेणाऱ्याचं नाव, दस्ताची तारीख, नोंदणीची तारीख, अनुक्रमांक, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि शेवटी शेरा. मला बँकेसाठी जे जे हवं असतं त्यातलं बरंचसं इथंच मिळतं, बुक उघडायची गरज पडत नाही. माझी पुतणी पुण्यात एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. तिनं सांगितलं की त्यांच्याकडेही अशा इंडेक्सला वेगळं नाव आहे आणि त्याची किंमतही वेगळी मोजावी लागते, कारण जितके रकाने सूचीत घालाल तितकी ती जड होते.

जड होणं म्हणजे काय, हे हातानं लिहिण्याच्या काळात डोळ्यांनी दिसायचं. एक दस्त आला की तो बुकात उतरवायचा. मग सूची एकमध्ये देणाऱ्याच्या अक्षराखाली नोंद, घेणाऱ्याच्या अक्षराखाली नोंद. चार भाऊ आणि दोन बहिणी मिळून विकत असतील तर सहा नावं, सहा ठिकाणी. मग सूची दोनमध्ये गावाखाली नोंद. जमीन तीन गटांची असेल तर तिन्ही नंबर. कायद्याचं कलम ५४ म्हणतं की दस्त बुकात उतरवला की सूचीची नोंद शक्य तितक्या लगेच करावी. ‘शक्य तितक्या’ या दोन शब्दांनी किती माणसांची झोप उडवली असेल! लग्नसराईच्या आधी आणि पेरणीच्या तोंडावर व्यवहारांची गर्दी व्हायची, कारकून एक, आणि सूची मागं राहायची. बुकात नोंद आहे पण सूचीत नाही, अशा नोंदीइतकी धोक्याची दुसरी नोंद नाही. शोधणारा सूची पाहतो, काही दिसत नाही, म्हणून ‘बोजा नाही’ असं लिहून देतो. मी सुरुवातीपासून शेवटच्या काही महिन्यांची बुकं पान अन् पान पाहत आलो, ते माझ्या सीनियरनी तसं शिकवलं म्हणून.

महाराष्ट्रात ‘सरिता’ ही संगणक प्रणाली आली, २००१-०२ च्या आसपास, आणि हा मागं राहण्याचा प्रकार संपला. दस्त नोंदला जातो त्याच वेळी सूचीही होते. पण ते कष्ट नाहीसे झाले असं समजू नये. कारकुनाचा वेळ होता तो यंत्राचा झाला. पुतणीच्या शब्दांत, टेबलात एक ओळ घालायची म्हणजे त्या टेबलावर जितके इंडेक्स आहेत तितक्या ठिकाणी लिहायचं, आणि ते सगळं लिहून झाल्याशिवाय काम पुरं झालं असं यंत्र म्हणत नाही. म्हणून इंडेक्स वाढले की खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला थांबावं लागतं.

तिच्याकडे पावत्यांचं एक मोठं टेबल होतं, काही कोटी ओळींचं, आणि त्यावर नऊ इंडेक्स. कोणते ठेवायचे आणि कोणते काढायचे हे तिला ठरवायचं होतं. दिवाळीत घरी आली तेव्हा तिनं ते माझ्यापुढं मांडलं. “काका, यातले तीन कुणी वापरतच नाही. आमची डेटाबेस प्रणाली, पोस्टग्रेस, मोजून ठेवते, कोणता इंडेक्स किती वेळा कामी आला ते. यांच्यासमोर शून्य आहे.” मी विचारलं, ही मोजणी कधीपासूनची? ती म्हणाली, मधे आकडे पुसून नव्यानं सुरू केले होते, त्याला चार महिने झाले. मग मार्चअखेर त्यात आलीच नाही. आमच्याकडेही काही सूच्या वर्षभर धूळ खातात आणि पीककर्जाच्या किंवा लेखापरीक्षणाच्या दिवसांत त्यांच्याशिवाय पान हलत नाही. तिनं त्या तिघांपैकी एक ठेवला, कारण तो दरवर्षी एकदाच पण हमखास लागणारा होता. दुसरा शोधासाठी नव्हताच. एकच पावती क्रमांक दोनदा पडू नये म्हणून तो पहारा देत होता. वापर शून्य दिसतो म्हणून पहारेकरी काढायचा नसतो. तिसरा मात्र बिनकामाचा निघाला. तो नुसत्या ग्राहकावर होता, आणि ग्राहक-तारीख यांवर मिळून वेगळा इंडेक्स होताच. त्यात हा आपोआपच सामावलेला. आमची सूची दोन गावानं सुरू होते, मग गावांची वेगळी सूची कशाला हवी?

पण हे सामावणं डावीकडूनच चालतं. गाव माहीत आहे, नंबर माहीत नाही, तर त्या गावाची सगळी पानं बघता येतात. नंबर माहीत आहे आणि गाव माहीत नाही, तर सूची दोन काही कामाची नाही. गट नंबर ११२ तर प्रत्येक मोठ्या गावात असतो. म्हणून कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हा सूचीच्या बांधणीतला सगळ्यात मोठा निर्णय असतो, आणि मराठवाड्यात त्याची परीक्षा इतिहासानंच घेतली.

उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर वेगळा जिल्हा झाला, मग ते लातूरचे झाले. १९९९ मध्ये जळकोट, देवणी, शिरूर अनंतपाळ असे नवे तालुके निघाले. उस्मानाबादचं धाराशिव झालं. नांदेडच्या बाजूला पाहिलं तर देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं १९५६ ला निजामाबादकडे गेली, मुधोळ आदिलाबादकडे गेलं आणि किनवट आदिलाबादकडून नांदेडला आलं. जळकोटच्या बाजूचं एखादं गाव घ्या. गाव जागचं हललं नाही, पण एकाच शेताचे दस्त एका पिढीत बीदर जिल्ह्याच्या नावाखाली, दुसरीत उस्मानाबादच्या, तिसरीत लातूरच्या, आणि तालुकाही आधी वेगळा, आता वेगळा. जिल्हा ही गोष्ट सगळ्यांत पुढं ठेवून शोधायला बसलात तर निम्मा इतिहास हाती लागत नाही. गाव पुढं घ्यावं म्हटलं, तर सावरगाव, पिंपळगाव, हंगरगा ही नावं या दोन जिल्ह्यांत ठिकठिकाणी आहेत. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला आणि त्यावर गावाच्या नावाबरोबर गावाचा सांकेतिक क्रमांक छापायला सुरुवात झाली. पुढं प्रत्येक तुकड्याला अकरा अंकी भू-आधार क्रमांकही आला. ज्यांनी हे केलं त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. तालुका बदलला तरी क्रमांक तोच राहणार.

नंबरांचीही तीच गोष्ट. ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली तिथं जुने सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. १९६५ चं खरेदीखत सर्वे नंबर बोलतं, १९९५ चं गट नंबर बोलतं. दोघांची गाठ घालून देणारा कागद म्हणजे जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता. तो एक हरवला की गावाच्या जमिनीचा इतिहास मधोमध तुटतो; जुनं बुक शाबूत, जुनी सूची शाबूत, पण आजच्या गटापासून तिथवर जायला पूल नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं तर हे एका रात्रीत केलं. लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. गावाचं नाव तेच, गावठाण दुसरं, घरांचे नंबर सगळे नवे. जुन्या घरावर गहाण होतं का, वाटणीत ते कुणाला गेलं होतं, हे विचारायला माणूस आला की मी आधी त्याच्याकडं जुन्या ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती मागतो, कारण तिच्यावर जुना नंबर असतो. कुणी मला विचारलं की क्वचित लागते आणि तरी कधीही टाकून देऊ नये अशी सूची कोणती, तर मी हीच सांगेन: जुन्या ओळखीवरून नव्या ओळखीकडे नेणारी. वापराच्या आकड्यांत ती नेहमी तळाशी असते.

आता सूची एक, नावांची. निजामाच्या राज्यात आपल्या भागातले लोक आडनाव कमी आणि बापाचं नाव जास्त सांगत. कागदावर ‘रामा वल्द गोविंदा’ असं येतं. दफ्तर उर्दूत, तारखा फसली सनाच्या. इसवी सन काढायला ५९० मिळवायचे. १९५१ मध्ये भारताचा नोंदणी कायदा हैदराबाद राज्याला लागू झाला आणि तेव्हापासूनची बुकं मला वाचता येतात. त्याआधीचं माझे सीनियर वाचून दाखवत, ते उर्दू माध्यमात शिकलेले. आता त्या अक्षरांचं वाचन येणारी माणसं शोधावी लागतात. तर, रामा वल्द गोविंदा हा ‘र’ खाली. त्याचा मुलगा शाळेत गेला, त्याला गावावरून आडनाव लागलं आणि तो त्या आडनावाच्या अक्षराखाली गेला. नातवानं ‘पाटील’ लावलं. पाटील-देशमुखांच्या पानांवर शोधणं म्हणजे जवळजवळ सगळं बुक वाचणं. ज्या रकान्यात अर्ध्या गावाचं उत्तर एकच आहे, त्या रकान्याची सूची शोधाला मदत करत नाही. डेटाबेसवाल्यांचा हा पहिला धडा आहे आणि आमच्या पटवाऱ्यांनाही तो ठाऊक होता. म्हणून नावाशेजारी बापाचं नाव, वय, धंदा, राहणार कुठला, हे सगळं लिहायचं.

पण या सूचीनं सगळ्यांत जास्त अन्याय केला तो बायकांवर. आपल्याकडे लग्नात मुलीचं पाळण्यातलं नाव बदलायची चाल होती. माहेरी कमल, सासरी सुनीता. आडनाव बदललं, गाव बदललं, आणि ‘भ्र.’ लिहून पुढं नवऱ्याचं नाव लागलं. तिनं भावांच्या हक्कात हक्कसोडपत्र करून दिलं की सूची एकमध्ये ती नव्या नावानं, नव्या आडनावाच्या अक्षराखाली जाते. बापाच्या आडनावाचं पान काढून बसलेल्या माणसाला त्या घरात मुलगी होती हेच दिसत नाही. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद म्हणून हक्क दिला; देशभर तो ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं आला. हक्क मिळाला, पण माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारी सूची कुणी केली नाही. मुखेड तालुक्यातल्या एका प्रकरणात सातबाऱ्यावर चार भाऊ होते आणि खरेदी घेणारा म्हणत होता, वारस एवढेच. बहीण आहे का, हे कोणत्याही सूचीतून कळणार नव्हतं. गावात जाऊन पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं तेव्हा दोन बहिणींची नावं मिळाली, एक देगलूरला दिलेली, एक कर्नाटकात औरादला. नंतर त्या दोघीही खरेदीखतावर सहीला आल्या. म्हणून मी माझ्या अहवालाच्या नमुन्यात ‘मुली व विवाहित बहिणी’ असा वेगळा रकाना केला आहे, आणि ज्युनियरांना तो कोरा सोडू देत नाही.

तिसऱ्या बुकाच्या सूचीत कायद्यानं केलेली एक गोष्ट मला फार भावते. मृत्युपत्र करणाऱ्याचं नाव सूचीत येतं, ते अमलात आणण्यासाठी नेमलेल्याचं येतं. ज्याला मिळणार आहे त्याचं नाव मात्र करणारा वारल्यानंतरच घालायचं, आधी नाही. कलमात तसं स्पष्ट लिहिलं आहे. पहिलं बुक आणि त्याच्या सूच्या कुणालाही पाहता येतात. मृत्युपत्राची नक्कल, करणारा जिवंत असेपर्यंत, त्याला स्वतःला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. म्हातारा जिवंत असताना कोणत्या मुलाच्या नावावर काय केलं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सूची चाळून कळलं असतं तर घराघरांत काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. मिळकतीवरून मृत्युपत्र शोधायची सूची नाही, त्यामुळे माझं काम अडतं हे खरं. तरी ती नसावी, असंच मी म्हणेन. इथं वाट मुद्दाम बंद ठेवली आहे.

तहसीलच्या दफ्तरात दोन वाटांचं तेच चित्र वेगळ्या रूपात दिसतं. गावच्या महसुली हिशेबांचे नमुने मुंबई इलाख्यात एफ. जी. एच. अँडरसन यांच्या मॅन्युअलनं घट्ट बांधून दिले, आणि आजही तलाठी त्याच चौकटीत काम करतो. सातबारा जमिनीवरून शोधायचा, आठ-अ खातेदारावरून. सहा नंबरला फेर ओढला की सातबारा बदलायचा आणि आठ-अही बदलायचा. आठ-अ ही सातबाऱ्याचीच दुसऱ्या वाटेची सूची. हातानं लिहिण्याच्या दिवसांत सातबारा दुरुस्त आणि आठ-अ जुनाच, असे कागद कितीदा समोर आले. नमुना १-क मध्ये फक्त वर्ग दोनच्या जमिनी, म्हणजे ज्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत त्या. सगळ्या जमिनींची सूची न करता, जिथं चूक महागात पडते तेवढ्यांचीच केली, हे शहाणपणाचं होतं.

अशी निवडक सूची अमेरिकेतही झाली. तिथं सामाजिक सुरक्षा योजना १९३५ मध्ये आली आणि म्हाताऱ्या माणसांकडे जन्माचा दाखला नव्हता. मग १८८० च्या जनगणनेची नावांवरून सूची करायचं ठरलं. पण सगळ्या घरांची नाही. ज्या घरात दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल होतं त्यांचीच, कारण तीच मुलं आता पेन्शनच्या वयाला येणार होती. नावाचं स्पेलिंग लिहिणाऱ्यागणिक बदलतं म्हणून नावं उच्चारावरून लावली. आपल्याकडच्या ‘वल्द’च्या पानांना अशा उच्चाराच्या सूचीचा केवढा उपयोग झाला असता.

पुन्हा आठ-अकडे येतो. तो फक्त एका गावापुरता असतो. मुखेडमध्ये दोन गावांत, कंधारमध्ये एकात आणि अहमदपूरमध्ये एकात जमीन असलेल्या माणसाचे चार आठ-अ, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला तेव्हा सरकारला एकाच माणसाची सगळ्या गावांतली जमीन मोजायची होती, पण तशी सूची नव्हती. त्यामुळे कायद्यानं जमीनधारकालाच विवरणपत्र भरायला सांगितलं. ज्याची जमीन जास्त होती त्याच्याच तोंडून ती ऐकायची, यावर एवढा मोठा सुधारणेचा कायदा बराचसा उभा राहिला.

आणि २०२३. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष उघडले, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं बोलावली, समिती हैदराबादच्या दफ्तरांपर्यंत पोचली. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची प्रवेश रजिस्टरं. या कागदांत जातीचा रकाना होता, पण जातीवरून शोधायची सूची कधी कुणी केली नव्हती. ते कागद जमीन, सारा आणि माणसं मोजायला केले होते. म्हणून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणं हा एकच मार्ग होता. ऑक्टोबरअखेर सरकारनं सांगितलं की पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासले आणि ११,५३० नोंदी सापडल्या. त्या दिवसांत माझ्याकडे रोज माणसं येत, आजोबाच्या बापाचं नाव सांगून विचारत, आमचा कागद कुठं असेल. मी विचारायचो: गाव कोणतं, तेव्हा तालुका कोणता, आणि नावामागं काय लावत? एवढ्या तीन गोष्टी पक्क्या असल्या तर शोध एका बस्त्यापर्यंत येतो. पुढं २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला गेला. पण गॅझेटियरमध्ये बेरजा असतात, माणसांची नावं नसतात. बेरजेवरून मूळ ओळीकडे परत जाता येत नाही, म्हणून त्या निर्णयात गावपातळीवर समित्या नेमून स्थानिक चौकशी करायला सांगावं लागलं.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये डेटाबेसचा जो पाया घातला, त्यात एक अट आहे, पुतणीनं मला ती समजावून सांगितली: इंडेक्स आला किंवा गेला तरी उत्तर बदलता कामा नये, फार तर वेळ बदलावा. यंत्रात ते खरं आहे. आमच्या दफ्तरखान्यात, ज्याची तारीख पुढच्या सोमवारी आहे आणि ज्याच्याजवळ महिनाभर पानं उलटायला माणूस ठेवायचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी सूची नाही म्हणजे उत्तरच नाही.

आता शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. एका माणसाची सगळ्या गावांतली जमीन एका क्रमांकाखाली येते आहे, म्हणजे १९६१ मध्ये जी सूची हवी होती ती आता होते आहे, विमा आणि अनुदानासाठी का होईना. सेवा केंद्रावर लोक रांगा लावतात आणि अडतं कुठं, तर नावावर. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं. आधारवर सासरचं, सातबाऱ्यावर वारस फेरानं आलेलं माहेरचं. जुळत नाही म्हणून बाईची जमीन तिच्या क्रमांकाला लागत नाही. सध्या मी आणि माझे दोन ज्युनियर अशा बायकांचे अर्ज भरून देतो, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, शाळेचा दाखला जे मिळेल ते जोडून. प्रत्येक अर्जाच्या वेळी दोन्ही नावं, दोन्ही गावं, जुना सर्वे नंबर आणि नवा गट नंबर एका रजिस्टरला उतरवतो. ज्युनियर ते संगणकावर चढवतात, आणि त्या टेबलावर आम्ही दोनच इंडेक्स ठेवले आहेत: एक माहेरच्या नावावर, एक जुन्या नंबरावर.